पोको एफवन, मामेभावाचं डीटीपी आणि पॅचची तारीख : आत्तापर्यंतची प्रगती

मंडळी, मागच्या वेळी म्हटलं होतं की कपाटातला जुना पोको एफवन बाहेर काढतोय, तर तो आता लिनिएजवर (अँड्रॉइडवरच आधारलेली, हौशी मंडळींनी बनवलेली फुकट सिस्टीम, म्हणजे कस्टम रॉम) आलाय आणि मस्त पळतोय. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आलेला फोन, स्नॅपड्रॅगन ८४५ प्रोसेसर, तेव्हा एकवीस हजाराच्या आत मिळायचा. प्रोसेसर आजही दमलेला नाही पण अधिकृत अपडेट अँड्रॉइड १० वरच थांबले. म्हणजे फोन धडधाकट, आणि सॉफ्टवेअर मात्र कधीचं मागे पडलेलं, आपल्या घराघरांत असे किती फोन पडून आहेत बघा.

काम कसं झालं ते थोडक्यात, कारण बऱ्याच जणांनी केलंय. शाओमीचा १६८ तासांचा वेटिंग पिरियड संपल्यावर बूटलोडर (फोन चालू करणारा पहिला प्रोग्रॅम, दुसरी सिस्टीम टाकायला याचं कुलूप काढावं लागतं) अनलॉक केला, त्यात सगळा डेटा उडतो त्यामुळे फोटो आधीच काढून घेतले होते. मग फास्टबूटने (कॉम्प्युटरवरून केबलने फोनमध्ये फाइल टाकायची सोय) लिनिएजची रिकव्हरी, म्हणजे सिस्टीम बसवायचा छोटा प्रोग्रॅम, टाकला, डेटा फॉरमॅट, आणि एडीबी साइडलोड, म्हणजे केबलवरून मुख्य सिस्टीमची फाइल पाठवणं. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी एकच गोष्ट, साइडलोड करताना कॉम्प्युटरवर आकडा ४७ टक्क्यांवर येऊन थांबतो आणि पुढे जातच नाही, तेव्हा घाबरून केबल काढू नका! फोनच्या स्क्रीनवर काय लिहून येतंय ते बघा, बहुतेक वेळा काम झालेलं असतं. आणि फाइल टाकायच्या आधी एसएचए २५६ चा आकडा (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) अधिकृत साइटवरच्या आकड्याशी जुळवून घ्या, एका कमांडचं काम आहे. लोक टेलिग्रामवरून कुणीतरी पाठवलेली बिल्ड (तयार सिस्टीमची फाइल) तशीच्या तशी टाकतात ते मला अजिबात पटत नाही, अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम टाकतोय आपण, कुठून आली ते नको का बघायला?

आता मुद्द्याचं. फोन चालू झाल्यावर प्रत्येक जण विचारतो, "कितवं अँड्रॉइड आलं?" मी म्हणतो ते सोडा, सेटिंगमध्ये अबाउट फोनमध्ये जाऊन अँड्रॉइड व्हर्जनवर टॅप करा आणि सिक्युरिटी पॅचची (सुरक्षेतली भोकं बुजवणाऱ्या अपडेटची) तारीख बघा. लिनिएजमध्ये तिथे दोन तारखा दिसतात. एक अँड्रॉइड सिक्युरिटी पॅच लेव्हल, ती माझ्या बिल्डला एकदम ताजी आहे. दुसरी व्हेंडर, म्हणजे कंपन्यांच्या भागाची, सिक्युरिटी पॅच लेव्हल, आणि ती कितीतरी वर्षं मागची. कारण वरचा सगळा अँड्रॉइडचा भाग लिनिएजवाली मंडळी दुरुस्त करून देतात, पण मॉडेम, वायफाय, कॅमेरा, ट्रस्टझोन (चिपमधला गुप्त गोष्टींचा सुरक्षित कप्पा) यांचं फर्मवेअर, म्हणजे त्या भागांच्या आतलं सॉफ्टवेअर, बंद डब्यातलं असतं, ते चिप बनवणाऱ्याने आणि फोन बनवणाऱ्यानेच द्यावं लागतं, आणि त्यांनी ते कधीच बंद केलंय. कर्नलही (सिस्टीमचा गाभा) ४.९, ज्याचा लाँग टर्म सपोर्ट २०२३ च्या जानेवारीत संपला, पुढचे फिक्स मेंटेनर लोक (या फोनसाठी लिनिएज सांभाळणारे) नव्या कर्नलमधून आपल्या हाताने यात आणतात, त्यांना खरंच मानलं पाहिजे. पण म्हणून "कस्टम रॉम टाकला, आता फोन नव्यासारखा सेफ" असं जे सर्रास म्हटलं जातं ते अर्धंच खरं आहे.

तारखेतही एक गोम आहे. पॅच लेव्हलचा दिवस १ असेल, तर फ्रेमवर्क आणि सिस्टीमचे फिक्स आलेत. दिवस ५ असेल तर त्यासोबत कर्नल आणि क्वालकॉम, मीडियाटेक, आर्म यांच्या भागांचे पण आलेत. म्हणजे एकाच महिन्याचे दोन फोन आणि आतून फरक. हे गूगलने महिन्याच्या महिन्याला पॅचचं बुलेटिन काढणं सुरू झालं तेच मुळी २०१५ च्या ऑगस्टमध्ये, स्टेजफ्राइट हे अँड्रॉइडमधलं भोक बाहेर आल्यावर, तेव्हा नुसत्या एका एमएमएसमधल्या व्हिडिओने फोन ताब्यात जाऊ शकत होता. त्याआधी पॅच कधी येईल याचा काही नेमच नव्हता.

म्हणून माझं ठाम मत, मोठा व्हर्जन अपग्रेड आणि महिन्याचा पॅच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना वेगळं वागवायचं. मोठा अपग्रेड आला की मी दोन-तीन आठवडे थांबतो, लोकांच्या तक्रारी वाचतो, मग घेतो. महिन्याचा पॅच मात्र आला की त्याच रात्री, चार्जिंगला लावून. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, नवीन आयकॉन आणि नवीन ॲनिमेशनसाठी लोक बीटा टाकायला रांगेत आणि पॅचचं नोटिफिकेशन महिनोन्महिने बाजूला सारलेलं.

आत्या परवा म्हणाली, "अरे, ते अपडेट केलं की फोन स्लो होतो, बॅटरी पण उतरते, म्हणून मी करतच नाही." तिचं निरीक्षण चुकीचं नाहीये. मोठ्या अपडेटनंतर फोन सगळे ॲप पुन्हा ऑप्टिमाइझ करत बसतो, त्यात एक-दोन दिवस गरम होतो आणि बॅटरी खातो, आणि स्टोरेज आधीच काठोकाठ भरलेलं असेल (तिचं गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेलं होतंच) तर मग रखडतोच. फोटो साफ केले, पॅच टाकला, दोन दिवसांनी सगळं ठीक. तिच्या फोनवर अजून एक केलं, व्हॉट्सॲप आणि क्रोमला अननोन ॲप इन्स्टॉल करायची जी परवानगी होती ती बंद केली. कारण आजकाल लग्नाची पत्रिका, आरटीओचं चलान असल्या नावाने एपीके (अँड्रॉइड ॲपच्या) फाइली फिरतात, इन्स्टॉल केली की एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी सरळ त्यांच्याकडे. हे कुठल्याच पॅचने थांबत नाही कारण परवानगी आपणच दिलेली असते. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी (स्क्रीन वाचायची आणि आपल्या वतीने बटणं दाबायची परवानगी) सहजासहजी मिळत नाही, ती अडचण मुद्दाम ठेवलीये आणि चांगलं केलंय.

पोकोवर यूपीआय आणि बँक ठेवलेली नाही, ठेवणारही नाही. प्ले इंटिग्रिटी (फोनमध्ये फेरफार झालाय का ते ॲपला सांगणारी गूगलची तपासणी) चकवायचे मॉड्यूल रोज कुणी ना कुणी पाठवतं, पण मुद्दा ॲप चालतं की नाही हा नाहीच. अनलॉक बूटलोडर म्हणजे व्हेरिफाइड बूटची (चालू होताना सिस्टीम खरी आहे ना हे तपासायची) साखळी तुटली, सिस्टीममध्ये कुणी काही बदललं तर फोनला कळायचा मार्ग गेला. ज्या फोनमध्ये पैसे तो लॉक्ड, रूट (सिस्टीमवर पूर्ण ताबा) नसलेला आणि पॅच चालू असलेला, याबाबतीत मी हट्टी आहे. पोको गाणी, हॉटस्पॉट आणि प्रयोगांसाठी.

आता कॉम्प्युटर. मामेभावाचं डीटीपी सेंटर आहे, पत्रिका, हँडबिलं, फ्लेक्सची डिझाइनं. तिथे मेन मशीन विंडोज ७, कारण जुन्या मराठी फाँटचं सॉफ्टवेअर डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालतं आणि ते नव्या विंडोजवर उठत नाही, वर गेल्या कितीतरी वर्षांच्या फाइली त्याच फाँटमध्ये. युनिकोडवर ये म्हणून सांगणं सोपं आहे हो, पण लग्नसराईत गिऱ्हाईक समोर उभं असताना जुनी फाइल उघडायलाच लागते. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. मी इन्स्टॉल्ड अपडेट्सची यादी उघडली आणि केबी ४०१२२१२ (मायक्रोसॉफ्टच्या एका पॅचचा नंबर) शोधला, नाही. त्याऐवजीचा रोलअप (अनेक पॅचचा एकत्र गठ्ठा) शोधला, तो पण नाही. म्हणजे इटर्नलब्लू नावाच्या हल्ल्यात वापरलेलं, विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं (एसएमबी १) भोक उघडंच. मायक्रोसॉफ्टने तो पॅच १४ मार्च २०१७ ला दिलेला, त्याच भोकातून घुसणारा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय आला १२ मे ला. मधे जवळजवळ दोन महिने होते आणि तरी जगभर मशिनं बंद पडली, ब्रिटनमधली हॉस्पिटलं सुद्धा.

पण त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला तो जास्त शिकण्यासारखा आहे. तो शिरला कसा, तर मीडॉक नावाच्या युक्रेनमधल्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! आणि एकदा आत शिरल्यावर मेमरीतले पासवर्ड उचलून त्याच नेटवर्कवरच्या पॅच केलेल्या मशीनवरही गेला. मर्स्क ही जहाज कंपनी आडवी झाली आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. म्हणजे युक्रेनमधल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमुळे उरणजवळ कंटेनर अडकले. तसंच १९ जुलै २०२४ चं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं प्रकरण, एका सदोष अपडेट फाइलने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशिनं पडली, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. हे दाखवून लोक म्हणतात बघा, अपडेटच नको. मला उलट वाटतं, पॅच घ्यायचाच, पण त्यासोबत नेटवर्क तोडून ठेवायचं आणि बॅकअप वेगळा ठेवायचा, तिन्ही लागतं.

म्हणून तिथे केलेलं असं. विंडोज ७ वर तो पॅच मायक्रोसॉफ्टच्या कॅटलॉगमधून आणून हाताने टाकला, एसएमबी १ (ती जुनी फाइल शेअरिंगची पद्धत) बंद, ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच आपोआप चालणं) बंद, आणि लॅनची वायर काढली. शेजारी जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजीची फुकट सिस्टीम) टाकलं, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, इंटरनेट, ईमेल, गिऱ्हाइकांचं व्हॉट्सॲप सगळं त्यावर. तयार पीडीएफ पेनड्राइव्हने इकडे येते. बॅकअप दोन हार्डडिस्कवर आलटून पालटून, एक कायम घरी. पहिले दोन दिवस भाऊ वैतागला होता, आता स्वतःहून सांगतो की पेनड्राइव्ह आधी लिनक्सला लाव.

अडलंय ते झेरॉक्स मशीनवर. स्कॅन केलेला कागद ते फोल्डरमध्ये टाकायचं ते एसएमबी १ नेच, नवीन फर्मवेअर नाही. त्या एका मशीनसाठी एसएमबी १ परत चालू करणार नाही. मेनूत एफटीपीचा (फाइल पाठवायची दुसरी जुनी पद्धत) पर्याय दिसतोय, तर मिंटवर फक्त दुकानातल्या नेटवर्कपुरता एफटीपी सर्व्हर लावून, वेगळा युजर, एकच फोल्डर, असं या रविवारी करून बघतोय. कुणी जुन्या कॉपियरला असं जोडलं असेल तर एफटीपीचा पॅसिव्ह मोड (यात फाइलसाठीचं कनेक्शनही कॉपियरच सर्व्हरकडे जोडतो) चालला का आणि पासवर्ड किती अक्षरांपर्यंत घेतो तेवढं सांगा.