चकलीचा भुगा होऊ नये म्हणून

पहिल्या वर्षी भाचीला अमेरिकेत फराळ पाठवला, तेव्हा चकल्या पिशवीत भरल्या होत्या. तिने व्हिडिओ कॉलवर डबा उघडून दाखवला. आत नुसता भुगा. मला रडूच आलं. आता दर दिवाळीला ओळखीच्या पंचवीस-तीस घरांचा फराळ मीच भरते.

पैसे नुसत्या वजनाचे लागत नाहीत, जागेचेही लागतात. हवाई कुरिअरवाले बहुतेक ठिकाणी खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात; येणारे किलो आणि खरं वजन, यांत जे जास्त त्याचे पैसे घेतात. 40 × 30 × 30 चा खोका म्हणजे 7.2 किलो, मग आत फराळ पाच किलोचा का असेना. तोच फराळ 20 उंचीच्या खोक्यात बसवला की हिशेब 4.8 वर येतो आणि पैसे खऱ्या पाच किलोचेच पडतात. म्हणून आधी डबे जमिनीवर मांडून बघते, खोका मग निवडते.

बेसनाचे लाडू जड, ते तळाला. चकल्या त्यांच्याच मापाच्या गोल बरणीत, एकावर एक, बोट शिरणार नाही इतक्या घट्ट. वर कागदाचा बोळा. करंज्या सगळ्यात नाजूक, त्या कडक डब्यात, सर्वांत वर. चिवडा आणि शंकरपाळे लहान पिशव्यांत भरले की बरण्यांमधल्या फटींत छान बसतात. वेगळं थर्माकोल लागतच नाही.

खोका पाच पदरी पुठ्ठ्याचाच घ्या, इथे काटकसर नको. चिकटपट्टी लावण्याआधी तो कानाजवळ धरून हलवते. जरा जरी खुळखुळलं, तरी पुन्हा उघडते.