टीडीएस ५८, तरी पाणी खराब

टीडीएस मीटर पाण्यात बुडवून 'पाणी एकदम फर्स्टक्लास' सांगणाऱ्यांचा मला जाम राग येतो. मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो, मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात नमुने गोळा करत फिरणं हे रोजचंच. गेल्या पावसाळ्यात एका वाडीत जुलाबाचे पेशंट वाढले म्हणून गेलो, तर विहिरीवर तात्या आधीच तयारीत, 'आमच्या बावीचा पाणी वायट? तळाक पडलेलो रुपयो दिसता!' आणि खरंच दिसत होता. फिल्टर विकायला आलेल्या कोणीतरी मीटर लावून ५८ दाखवलेले, आकडा कमी म्हणजे पाणी चांगलं, मग तर वाडीची खात्रीच.

आता जांभ्यातल्या पावसाच्या पाण्यात क्षार असतात किती? ५८ येणारच. मीटर विरघळलेले क्षार सांगतो, जंतू नाही. एचटूएसच्या बाटलीत (विष्ठेतले जंतू असले की पाणी काळं पडतं) खुणेपर्यंत पाणी भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी काळंकुट्ट. तात्यांनी बाटली उजेडात धरून दोनदा फिरवली. 'मग ता मशीन खोटा काय?' खोटं नाही तात्यानू, त्याला विचारलं ते त्याने सांगितलं.

वर चढावर १५-२० मीटरवर नवीन होमस्टे, त्याचा शोषखड्डा. मालक म्हणे एवढं अंतर आहे, जमीन गाळून घेते की. मातीत बरंचसं गाळलं जातंही, पण जांभ्यात भोकं नि भेगा, वरचं पाणी आहे तसं खाली उतरतं, त्यात विहिरीवरचा पंप दिवसभर खेचतोय. वाद कोण घालणार, म्हटलं २५ किलोचं खडेमीठ आणा, खड्ड्यातलं पाणी विहिरीत येत असेल तर मीठही येईल आणि मीटरचा आकडा चढेल. विहिरीचं पिणं बंद ठेवलं, मीठ विरघळवून सगळं होमस्टेच्या संडासात ओतलं आणि मी तोच मीटर घेऊन विहिरीच्या कठड्यावर बसलो. बराच वेळ ५८, ५९. वयनींनी चहा आणला, पोरं कंटाळून गेली. दुपारनंतर ७०, मग ९४, संध्याकाळी १३१! मालक स्वतः वाकून आकडा बघून गेला, बोलला काहीच नाही.

मग जंतू मारायला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. विहीर ३ मीटर रुंद, पाणी ४ मीटर, म्हणजे साधारण २८,००० लिटर, हजार लिटरला ५ ग्रॅम धरून १४० ग्रॅम. ग्रामपंचायतीतलं पोतं तोंड उघडं राहून ओलं झालेलं, असल्या दमट हवेत त्यातला क्लोरीन कधीच उडालेला असतो, म्हणून नवीन पाकीट फोडायला लावलं. अर्ध्या तासाने पाण्याच्या नमुन्यात ओटी (क्लोरीन तपासायचं द्रावण) टाकल्यावर पिवळा रंग आला, क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या वर. वास येतो म्हणून सगळी कुरकुर सुरू, ती दरवेळी असतेच.

पण वरून गळती चालू तोवर टीसीएल रोज टाकावं लागणार आणि पाणी उकळूनच प्यावं लागणार, हे तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं. मालक खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला न्यायला तयार झालाय, फक्त तिकडे जांभा फोडायचा खर्च अर्धा वाडीने द्यावा म्हणतोय. तात्यांनी त्याला मालवणीत काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.