बाबांची नवी कॅप्सूल
आज पहाटे बाबा पलंगावरून झटकन उठले आणि कपाटाला धरून तसेच उभे राहिले. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी टॅम्सुलोसिन ०.४ आणि ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम अशी एकत्रित कॅप्सूल सुरू होऊन त्यांना चारच दिवस झाले आहेत. डॉक्टरांना फोन केल्यावर उलगडा झाला: टॅम्सुलोसिनमुळे मूत्रमार्गाभोवतीचे स्नायू सैल होतात, पण उभे राहताना रक्तदाबही घसरू शकतो, म्हणून आधी पलंगाच्या कडेला थोडे बसावे आणि मगच सावकाश उठावे. ड्युटास्टेराइड ग्रंथीचा आकार हळूहळू कमी करते. त्याचा गुण यायला ३ ते ६ महिने लागतात, हे ऐकून बाबांची घाई जरा निवळली. कॅप्सूल रोज ठरावीक जेवणानंतर अर्ध्या तासाने, न चावता, न उघडता गिळायची आहे. मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती पीएसए चाचणीची, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासणाऱ्या रक्तचाचणीची गोष्ट: साधारण ६ महिन्यांत या औषधाने तो आकडा जवळपास निम्म्यावर येतो, त्यामुळे औषध चालू असल्याचे सांगितले नाही, तर कर्करोगाची शंका दडून राहू शकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी नेत्रतज्ज्ञांनाही हे सांगायलाच हवे. माझी बहीण गरोदर आहे. गळक्या कॅप्सूलला तिचा चुकूनही हात लागू नये, म्हणून डबी आता बाबांच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवली आहे.