तुम्ही 'नाही' मोठ्याने म्हणता

पाचवीच्या स्कॉलरशिपच्या डिसेंबरातल्या सराव परीक्षेत लेकीला पहिल्या पेपरात दीडशेपैकी ५२ गुण मिळाले, तेव्हा मला पहिला संशय आला तो पेपर तपासणाऱ्यांचा. घरी हीच मुलगी रोज माझ्यासमोर बसून पंचविसातले एकवीस-बावीस प्रश्न बरोबर सोडवत होती. वसाहतीतल्या मंडळाच्या पोरांनी घाईघाईत तपासलं असणार, असं म्हणून मी उत्तरपत्रिका मागून आणली आणि स्वतः तपासली. ५२च.

मी बेस्टमध्ये कंडक्टर आहे. पहिल्या पाळीची ड्युटी असली की पहाटे घर सोडतो आणि दुपारी तीनच्या सुमारास विक्रोळीला, कन्नमवार नगरात परत येतो. बायको पवईला नोकरीला, तिला यायला साडेसात वाजतात. त्यामुळे पाचवीचं वर्ष लागलं तसा अभ्यास माझ्या गळ्यात पडला. माझीही त्याला हौस होती, खोटं का बोला. आमच्या वेळी स्कॉलरशिप चौथीला असायची. मी बसलो होतो आणि माझं नाव कुठल्याच यादीत आलं नव्हतं. तेव्हापासूनची एक खुमखुमी होतीच.

ज्यांच्या घरात हे प्रकरण अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुण्याची राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. आमच्या वर्षी ती पाचवीला आणि आठवीला होती. पाचवीचे दोन पेपर, दोन्ही एकाच रविवारी. पहिल्यात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, दुसऱ्यात तृतीय भाषेचे (आमच्यासारख्या मराठी माध्यमवाल्यांना इंग्रजी) २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५०. प्रश्नाला दोन गुण, म्हणजे पेपर दीडशेचा. वेळ दीड तास. चार पर्याय, त्यातला एक गोल पेनाने रंगवायचा. चुकलं तर गुण कापत नाहीत. दोन्ही पेपरांत निदान ४० टक्के, म्हणजे साठ-साठ गुण मिळाले तर मूल 'पात्र'. प्रत्यक्ष शिष्यवृत्ती, म्हणजे वर्षाला पाच हजार, ती गुणवत्ता यादीत नाव लागलं तरच.

शिवाय पाचवीची वार्षिक परीक्षाही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला पुन्हा नापास करायची सोय आली. विषयात ३५ टक्के हवेत, नाहीतर पुन्हा परीक्षा, तीही गेली तर तोच वर्ग. वर्गाच्या ग्रुपवर पालकांनी यावरून जो गोंधळ घातला त्यात मी पडलो नाही. ज्या मुलाचा स्कॉलरशिपचा अभ्यास झालाय त्याला वार्षिकचं काय भय, असं माझं तेव्हा मत होतं, आणि ते खरंच निघालं.

तर जूनपासून आमचं सुरू झालं. दादरहून दोन मार्गदर्शिका आणल्या. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका परिषदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतल्या. शेजारणीचा मुलगा क्लासला जायचा, वर्षाचे बारा हजार. मी म्हटलं, आपण घरीच.

आणि मजा यायची, हे सांगायलाच हवं. 'रांगेत पुढून तिसरा तर मागून कितवा' हे तिच्या डोक्यात काही केल्या बसेना. मग तिला स्टेशनवर नेलं. बारा डब्यांची गाडी उभी. पुढून तिसऱ्या डब्यापाशी तिला उभं केलं आणि म्हटलं, आता मागून मोजत ये. दहावा आला. म्हणजे बारातून तीन वजा, अधिक एक. ते अधिक एक का, हे तिला प्लॅटफॉर्मवर कळलं, पुस्तकात कळलं नव्हतं. दिशांचंही तसंच. ठाण्याकडे तोंड केलं की उजव्या हाताला आपलं घर, म्हणजे पूर्व. तेवढं एक पक्कं धरलं की बाकीच्या दिशा आपोआप. आरशातलं घड्याळ धाकट्याचे केस कापायला गेलो तेव्हा सलूनमध्येच झालं. आरशात आठ वाजून चाळीस मिनिटं, मागे वळून पाहिलं तर तीन वीस. दोन्ही मिळून बारा तास होतात हे तिनेच शोधून काढलं. दस्ता म्हणजे २४ कागद, रीम म्हणजे वीस दस्ते, ग्रोस म्हणजे बारा डझन, ही पाठ करायची गोष्ट, ती पाठ केली. मी पाच रुपयांची ३८ तिकिटं फाडली आणि दहाची १७, तर बॅगेत किती? असले हिशेब ती जेवताजेवता करायची.

सराव असा चालायचा. ती ओट्याशेजारच्या स्टुलावर, मी भाजी निवडत किंवा चहा टाकत, पुस्तक माझ्या हातात. मी प्रश्न वाचायचा, चार पर्याय वाचायचे, तिने उत्तर सांगायचं. बरोबर आलं की पुढचा. यात काही चुकतंय असं सहा महिने माझ्या मनातही आलं नाही.

मग ते ५२ आले. दुसऱ्या पेपरात ८४ होते, तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं. आकृत्यांचे, घड्या घातलेल्या कागदांचे, ठोकळे मोजायचे प्रश्न तिने धडाधड सोडवले होते. पडली होती ती वाक्यांच्या प्रश्नांत. पण मी ते पाहिलं नाही. मी रागावलो. घरी येतं आणि तिथे कसं येत नाही, घाबरतेस का, लक्ष कुठे असतं, सगळं बोलून झालं. ती रडली नाही, नुसती पेनाचं टोपण काढत-लावत बसली.

संध्याकाळी चुकलेले प्रश्न घेऊन बसलो. मी एकेक वाचत गेलो आणि ती एकेक बरोबर सांगत गेली. 'खालीलपैकी कोणती संख्या मूळ संख्या नाही? ४१, ४३, ४७, ४९.' 'एकोणपन्नास.' परीक्षेत तिने ४१ रंगवलं होतं. चुकलेल्या ४९ प्रश्नांतले तीसेक असे सुटले. मी चक्रावलो. बायको आत पोळ्या लाटत होती, ती तिथूनच म्हणाली, "अहो, तुम्ही तो 'नाही' इतक्या मोठ्याने म्हणता की समोरच्या बिल्डिंगलाही उत्तर कळतं."

मी हसण्यावारी न्यायला गेलो. ती बाहेर आली, माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि पुढचा प्रश्न स्वतः वाचला, बातम्या वाचतात तशा एका सुरात. लेक गप्प. पुन्हा वाचायला सांगितलं. तरी चुकली.

बसमध्ये दिवसभर 'पुढे चला' ओरडून आवाज चढवायची मला सवय. त्यात मी पोराचा बाप. प्रश्नातला महत्त्वाचा शब्द आला की माझा आवाज त्यावर चढायचा, बरोबर पर्यायावर मी किंचित थांबायचो, चुकीचे भरभर वाचायचो. आणि ती हुशार, प्रश्न ऐकायचीच नाही, मला ऐकायची. परीक्षेच्या बाकावर मी नव्हतो. तिथे नुसती अक्षरं होती, आणि सहा महिन्यांत तिने सलग पाच प्रश्नसुद्धा स्वतःच्या डोळ्यांनी शेवटपर्यंत वाचले नव्हते.

त्या दिवसापासून पुस्तक तिच्या हातात आणि माझं तोंड बंद. हे लिहायला सोपं आहे. ती एका प्रश्नावर अडकली की माझ्या घशात शब्द यायचे, मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो. पहिल्या आठवड्यात तिचे गुण आणखी घसरले. दहा प्रश्नांतले चार. बायको म्हणाली, थांबा जरा.

एकच नियम ठेवला. आकडे दिसले की गणिताला धावायचं नाही. आधी प्रश्न शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा आणि नेमकं काय विचारलंय त्या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल करायचा: नाही, चुकीचे, सर्वांत लहान, उरलेले, परत. हे पेपर काढणारे भारी असतात. ३५ रुपयांची एक अशा ८ वह्या घेतल्या, पाचशेची नोट दिली, किती परत मिळाले? उत्तर २२०. पण पर्यायांत २८० हटकून असतं, कारण अर्ध्या वाटेवरच उत्तर सापडलं म्हणून खूश होणारी पोरं त्यांना ठाऊक असतात. लेकीच्या निम्म्या चुका या २८०च्या जातीच्या होत्या.

कंटाळा आला की ती उलटा खेळ खेळायची. ती वाचणार, मी उत्तर देणार. मुद्दाम सपाट आवाजात, शब्द गिळत वाचायची. मी चुकलो की धाकट्याला बोलावून दाखवायची. मी बऱ्यापैकी चुकायचो.

जानेवारीत दुसरं लफडं निघालं. वाचायला यायला लागलं तर वेळ पुरेना. पंचाहत्तर प्रश्न नव्वद मिनिटांत, म्हणजे एकाला जेमतेम सव्वा मिनिट, आणि बाईसाहेब एकेक गोल रांगोळी भरावी तसा भरत होत्या. मी घड्याळ लावून मोजलं, गोलाला वीस सेकंद. पंचाहत्तर गोलांचे पंचवीस मिनिटं नुसते रंगकामात. उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढून तीन-चार वेळा पेन फिरवून गोल भरायची सवय लावली. त्यातच एकदा तिने ३१वा प्रश्न सोडला पण गोल सोडला नाही, आणि तिथून खाली सगळी उत्तरं एक घर सरकली. पेनाने भरलेला गोल खोडता येत नाही. त्या दिवशी मात्र ती रडली. मग पान उलटलं की प्रश्नाचा क्रमांक आणि गोलाचा क्रमांक जुळवून पाहायचा, हे ठरलं.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. रेल्वेचा मेगाब्लॉक असणारच हे धरून आम्ही बसने निघालो. केंद्रावर फाटकाबाहेर पालकांची ही गर्दी. पहिला पेपर सुटल्यावर एक गृहस्थ मुलाला पायरीवर बसवून प्रश्नपत्रिका तपासत होते आणि मुलाच्या हातातला डबा तसाच होता. मी काहीच विचारायचं नाही असं बायकोने बजावून पाठवलं होतं. लेकीने दहीभात खाल्ला, चिक्की मागितली, आणि "एक प्रश्न सोडला, गोलही सोडला," एवढंच म्हणाली.

तात्पुरता निकाल एप्रिलअखेर लागला. पहिला पेपर १०४, दुसरा ११२. पात्र. पुढे अंतिम निकालाबरोबर शिष्यवृत्तीची यादी लागली, तिच्यात नाव आलं नाही. मला दोन दिवस लागलं ते, तिला एक संध्याकाळ.

मेमध्ये खालच्या मजल्यावरची ताई मार्गदर्शिका मागायला आली, तिचा मुलगा जूनपासून पाचवीत जाणार होता. लेक म्हणाली, उद्या देते. रात्री पाहिलं तर खोडरबर घेऊन बसलेली, पानापानावरची उत्तरं खोडत होती. 'नाही'भोवतीचे गोल मात्र तसेच ठेवले होते. म्हटलं, तेही खोड ना.

"असू दे, बाबा. त्याचे पप्पा रिक्षा चालवतात. त्यांचाही आवाज मोठाच आहे."