एकही काना, एकही मात्रा

गेल्या महिन्यात आमच्या घरी कौटुंबिक प्रार्थना होती. नाशिकला शरणपूर रोडच्या बाजूला आमचे जुने घर आहे. तिथे महिन्यातून एकदा नातेवाईक जमतात, दोन-तीन गीते होतात, शास्त्रपाठ वाचला जातो आणि चहा घेऊन मंडळी आपापल्या घरी जातात. त्या दिवशी तेविसावे स्तोत्र वाचायचे होते आणि वाचनाची पाळी माझ्या पुतण्याची होती. त्याने मोबाइलवरचे मराठी बायबल उघडले. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ इथपर्यंत सगळ्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते, पण पुढे त्याच्या पडद्यावर ‘मला काही उणे पडणार नाही’ हे शब्द नव्हते, दुसरेच वाक्य होते. आत्याबाईंनी हात वर करून त्याला थांबवले. “बाळा, हे आपलं वचन नाही. देवाचं वचन बदलत नसतं,” असे म्हणून त्यांनी स्वतःचे बायबल त्याच्या हाती दिले. ते पान उघडायला शोधावे लागलेच नाही. त्याचा खालचा कोपरा अंगठ्याने झिजून कापडासारखा मऊ झाला आहे.

मी त्या वेळी काही बोललो नाही. परंतु आत्याबाईंचे वाक्य मनातून गेले नाही, कारण त्यावर माझाही विश्वास आहे. ‘गवत सुकते, फूल कोमेजते, पण आमच्या देवाचे वचन सर्वकाळ टिकते’ असे यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात आहे, आणि आकाश व पृथ्वी नाहीशी होतील पण माझी वचने नाहीशी होणार नाहीत, असे प्रभू येशूने स्वतः सांगितले आहे. प्रश्न एवढाच की, जे बदलत नाही ते नेमके काय? अक्षरे, शब्द, की त्या शब्दांतून बोलणाऱ्याने सांगितलेली गोष्ट?

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की, नियमशास्त्रातला एकही काना किंवा मात्रा नाहीशी होणार नाही. लहानपणापासून हे वाक्य ऐकताना मला कधी प्रश्न पडला नव्हता की, इब्री (हिब्रू) नियमशास्त्रात काना-मात्रा आल्या कुठून? मूळ ग्रीक मजकुरात तिथे दोन शब्द आहेत. एक ‘योटा’, म्हणजे ग्रीकमधले सर्वांत बारीक अक्षर, जे इब्रीतल्या ‘योद’ या चिमुकल्या अक्षराच्या जागी आले आहे. आणि दुसरा ‘केरेया’, म्हणजे अक्षराला असणारे लहानसे टोक. मराठी माणसाला योद दाखवून काही कळणार नाही, म्हणून भाषांतरकारांनी आपल्या लिपीतल्या सर्वांत बारीक रेघा निवडल्या. अक्षराची रेघसुद्धा ढळणार नाही असे सांगणारे वचन मराठीत आणताना त्याची प्रत्येक रेघ बदलावी लागली, आणि तरीही त्याचा अर्थ तसूभर हलला नाही. आत्याबाईंना उत्तर द्यायचे झाले तर मी याच वचनापासून सुरुवात करीन.

शिवाय येशू दैनंदिन व्यवहारात अरामी बोलत असे आणि त्याचे चरित्र सांगणारी शुभवर्तमाने ग्रीकमध्ये लिहिली गेली. म्हणजे आपल्यापर्यंत पोहोचलेले त्याचे बहुतेक बोलणे मूळ लेखनातच भाषांतरित आहे. ‘तलीथा कूम’, ‘एफ्फाथा’ असे मोजके अरामी शब्द शुभवर्तमानकार मार्काने जसेच्या तसे ठेवले आणि लगेच पुढे त्यांचा अर्थही दिला. भाषांतर हे पवित्र शास्त्रावर बाहेरून आलेले संकट असते, तर शास्त्राने ते स्वतःच्या पोटात असे सामावून घेतले नसते.

पंचवटीत राहणारे माझे एक स्नेही वेदपठण शिकवतात. त्यांच्या परंपरेत उदात्त-अनुदात्त स्वरसुद्धा चुकता कामा नये. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा रीतींनी शब्द सुटे करून किंवा मागेपुढे गुंफून म्हटले जातात आणि त्यामुळे एखादे अक्षर गळाले तर ते लगेच उघडे पडते. हजारो वर्षे ध्वनी जपण्याची ही शिस्त पाहून मला नेहमी आदर वाटतो. ख्रिस्ती परंपरेने जपणुकीचा मार्ग निराळा निवडला. तिथे ध्वनीला पावित्र्य नाही, निरोपाला आहे, आणि निरोप ज्याला द्यायचा त्याला तो समजलाच पाहिजे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोकांसमोर नियमशास्त्र वाचणारे लेवी, म्हणजे मंदिरसेवक, अर्थ फोड करून सांगत होते, म्हणून लोकांना वाचलेले समजले. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, यरुशलेमेत (जेरुसलेममध्ये) जमलेल्या प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली.

याचा अर्थ मूळ मजकुराकडे दुर्लक्ष करावे असा मुळीच नाही. १९७८ मध्ये शिकागो येथे शास्त्राच्या अचूकतेवर ठाम विश्वास असणाऱ्या ख्रिस्ती विद्वानांनी एक जाहीरनामा तयार केला. त्यातही देवाची प्रेरणा काटेकोर अर्थाने मूळ लेखनाला लागू होते आणि प्रती व भाषांतरे मुळाशी जितकी प्रामाणिक तितकी ती देवाचे वचन आहेत, अशीच भूमिका आहे. पण मूळ हस्तलिखिते आज कोणाकडेच नाहीत, प्रती आहेत. मग त्या प्रतींवर भरवसा कसा ठेवायचा?

१९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरान येथे सापडलेली यशयाची मोठी गुंडाळी आज यरुशलेमेत आहे आणि तिची छायाचित्रे इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. ती ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातली, म्हणजे तोवर हाती असलेल्या इब्री हस्तलिखितांपेक्षा सुमारे हजार वर्षे जुनी आहे. एका रात्री मी पडद्यावर तिचा चाळिसावा अध्याय मोठा करून पाहिला. सातव्या आणि आठव्या वचनांत ‘गवत सुकते, फूल कोमेजते’ हे शब्द दोनदा येतात. लेखनिकाची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेली आणि मधला मजकूर राहून गेला. पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षात ते आले. त्याने निराळ्या हस्ताक्षरात गळालेले शब्द ओळीच्या वर लिहिले, जागा पुरेना तेव्हा डाव्या समासात खाली उतरत नेले, आणि परमेश्वराच्या नावाच्या जागी भीतीयुक्त आदराने चार ठिपके दिले. ज्या वचनात देवाचे वचन सर्वकाळ टिकते असे म्हटले आहे, नेमके तिथेच माणसाच्या हातून ओळ सुटली आणि माणसाच्याच हाताने ती परत आली. ती समासातली अक्षरे पाहून माझा विश्वास डळमळला नाही, उलट दृढ झाला. वचन टिकवण्याचे काम देवाने चुकणाऱ्या आणि चूक दुरुस्त करणाऱ्या माणसांवर सोपवले आहे, हे मला त्या रात्री डोळ्यांनी दिसले.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. आपली गोदावरी नाशिकहून पुढे पैठणला जाते. तिथे शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांनी अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ सिद्ध केला आणि तीत स्वतःची ओवी घुसडणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची रिकामी करवंटी, ठेवतो, असे बजावले. बायबलातल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात भर घालणाऱ्याला आणि वगळणाऱ्याला दिलेला इशारा वाचताना मला नाथांची ती नरोटी हमखास आठवते.

मराठी बायबलाचा प्रवासही असाच ताडून पाहण्याचा आणि सुधारण्याचा आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूरच्या) विल्यम कॅरी या मिशनऱ्यांनी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने केलेला नवा करार १८११ मध्ये मोडी लिपीत छापला गेला. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, पण त्यामुळे कोणाचे तारण अडले नाही. १८२६ मध्ये मुंबईला अमेरिकन मिशनचा नवा करार निघाला. पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांचे काम १९२४ मध्ये ग्रंथरूपाने पूर्ण बाहेर आले. आत्याबाई ज्याला ‘आपलं वचन’ म्हणतात, तेही अशाच अनेक हातांतून, अनेक सुधारणांतून आलेले आहे.

तरीही आत्याबाईंचा हात वर गेला तो अकारण नव्हता, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. स्तोत्रातल्या त्या जागी इब्रीत ‘लो एख्सार’ हे दोनच शब्द आहेत. हेच क्रियापद बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात येते: चाळीस वर्षे रानात फिरताना इस्राएलाला कशाचे उणे पडले नाही. रानातला मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेले अन्न, पोटापुरता मिळत होता, हवा तेवढा साठवता येत नव्हता. ‘उणे पडणार नाही’ या शब्दांत ते रान आणि तो मान्ना शिल्लक राहतो. सोपेपणाच्या हौसेने कोणी तिथे ‘मला हवे ते सगळे मिळेल’ असे लिहिले, तर मेंढराच्या विश्वासाची जागा मागणाऱ्याची यादी घेते. अशा वेळी भाषा सोपी झाली म्हणून समाधान मानता येत नाही. नवे भाषांतर जरूर वाचावे, पण ते मुळाशी ताडून पाहण्याची सवय ख्रिस्ती मंडळीत असावी, आणि शक्य असेल त्याने इब्री-ग्रीकचे थोडे तरी ज्ञान मिळवावे, असे मला मनापासून वाटते.

या महिन्याच्या प्रार्थनेत योहानाचा पंधरावा अध्याय होता. पुतण्याने आत्याबाईंच्याच बायबलातून वाचले: ‘मी खरा द्राक्षवेल आहे.’ पुढे फळ देणाऱ्या फाट्याला पिता साफसूफ करतो, असे आले. ग्रीकमध्ये इथले क्रियापद छाटण्याला आणि स्वच्छ करण्याला एकच आहे, आणि लगेच पुढच्या वचनात शिष्यांना ‘शुद्ध’ म्हणताना त्याच धातूचा शब्द येतो. मराठीत हा धागा तुटतो. मी ते सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात पुतण्याने मान वर करून विचारले, “फाटा म्हणजे काय?”

आत्याबाईंचे सासर दिंडोरी तालुक्यातले, घरची द्राक्षबाग. त्या म्हणाल्या, “फाटा म्हणजे काडी रे. ऑक्टोबर छाटणीत आपण मालकाडी राखतो ना, ती. नुसती छाटून भागत नाही. खोडाची सुटलेली साल काढायची, ओलांडा हाताने चोळून साफ करायचा, नाहीतर सालीखाली मिलीबग बसतो.” बोलता बोलता त्यांचा अंगठा तर्जनीवरून फिरत होता, जणू तिथे खरोखरच काडी होती. मग त्यांनी पुतण्याला ते वचन पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितले.