प्युरोमायसिनमधून वाचलेल्या पेशी

उंदराच्या मेंदूतून रक्तवाहिन्यांच्या पेशी काढायच्या असल्या की आमच्या प्रयोगशाळेत सकाळपासून फारसं कुणी बोलत नाही. प्राणी-नैतिकता समितीने मंजूर केलेत त्याहून एकही उंदीर जास्त घेता येत नाही, घेऊही नये. मेंदूचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. त्यातला कण न् कण मला मोलाचा वाटतो.

त्या दिवशी सोबत नवी ज्युनिअर होती. आधी मेंदू कोरड्या फिल्टर पेपरवर हलकेच लोळवून वरची आवरणं काढली. मोठ्या रक्तवाहिन्या त्यांच्याबरोबरच निघतात. मग बारीक तुकडे, ३७ अंशांवर कोलॅजिनेज हे ऊती सुटी करणारं एन्झाइम, आणि २० टक्के अल्ब्युमिनमध्ये सेंट्रिफ्यूज. नळीत वर मायलिनचा, म्हणजे चेतातंतूंवरच्या स्निग्ध आवरणाचा, जाड पांढरा थर आला, तळाशी लालसर ठिपका. त्या ठिपक्यात केशवाहिन्या असतात. काचेला चिकटलेलं मायलिनसुद्धा पुसून काढावं लागतं, इथे हयगय चालत नाही. दुसऱ्यांदा एन्झाइम दिल्यावर मायक्रोस्कोपखाली फाटे फुटलेले तुकडे दिसले. कोलॅजन-फायब्रोनेक्टिन लावलेल्या डिशमध्ये ते पसरले आणि मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, मिलिलिटरला ४ मायक्रोग्रॅम प्युरोमायसिन हे पेशींना विषारी औषध घातलं.

दुसऱ्या दिवशी ती घाबरून आली. “ताई, सगळ्या मेल्या हो!”

डिशमध्ये मेलेल्या पेशींचा खच तरंगत होता. मी म्हटलं, “मीडिया बदल आणि मग बघ.” तळाशी, तुकड्यांच्या कडेने, निमुळत्या पेशी बाहेर सरकत होत्या.

प्युरोमायसिन पेशीचं प्रथिनं बनवणं थांबवतं. केशवाहिन्यांना बाहेरून बिलगलेल्या पेरिसाइटसारख्या सोबतच्या पेशी त्यात मरतात. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींवर मात्र पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप भरपूर असतो, तो विष बाहेर फेकत राहतो. कर्करोगावरची कित्येक औषधं मेंदूत पोचत नाहीत त्यालाही हाच पंप बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. रुग्णाच्या आड येणारा गुणच इथे आम्हाला हव्या त्या पेशी निवडून देतो. ते डोळ्यांनी बघताना मला आजही भरून येतं.

पुढे थर भरला, शेजारच्या पेशींना घट्ट जोडणाऱ्या क्लॉडिन-५ या प्रथिनाचं स्टेनिंग केलं, तेव्हा पेशींच्या सीमांवर सलग रेघ उमटली. या पेशी पुन्हा पुन्हा वाढवल्या तर ही रेघही विस्कटते आणि पंपही घटतो, म्हणून मोजमापं पहिल्याच थरावर घ्यायची. एका डिशमधून जास्तीत जास्त काय मिळवता येईल याचा तक्ता आम्ही दोघींनी मिळून मांडला, म्हणजे पुढच्या खेपेला उंदीर कमी लागतील.