असल्या आईबापांची वकिली?

गणपतीत इथल्या मंडळाच्या जेवणाच्या रांगेत हा प्रश्न दरवर्षी येतो. पानात बटाट्याची भाजी पडत असते आणि कुणीतरी विचारतंच, "म्हणजे तुम्ही कॉलेजात हे शिकवता? पोरांचे हाल करणाऱ्या आईबापांना सोडवायचं कसं?" रांग पुढे सरकते, उत्तर राहून जातं. तुम्ही विचारलंत म्हणून आज लिहूनच टाकते.

मी न्यूयॉर्कमध्ये लॉ कॉलेजच्या क्लिनिकमध्ये शिकवते. विद्यार्थी तिथे खऱ्या अशिलांची खरी प्रकरणं चालवतात, मी शेजारी बसते. अशील म्हणजे असे पालक, ज्यांची मुलं सरकारी खात्याने नेली आहेत किंवा खातं नेण्याच्या बेतात आहे. मारहाणीची प्रकरणं येतात, नाही असं नाही. काही रात्री मलाही झोप लागलेली नाही. पण बहुतेक आरोप हेळसांडीचे. मूल एकटं ठेवलं, शाळा बुडवली, फ्रिज रिकामा. इथला कायदा म्हणतो की ऐपत असून किंवा मदत देऊ केलेली असून पुरेसं अन्नवस्त्र दिलं नाही, तर ती हेळसांड. ते "ऐपत असून" विद्यार्थी पहिल्या वाचनात हमखास गाळतात.

एका हुशार विद्यार्थिनीने पहिल्याच भेटीत अशिलाला विचारलं, "तुम्ही मुलाला एकटं का ठेवलंत?" बाईंनी खाली ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली, चेन लावली. पुढचा अर्धा तास फक्त हो आणि नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, अगं, हा "का" त्यांनी पोलिसांकडून, शाळेकडून, खात्याच्या बाईंकडून ऐकलाय. तू विचार, त्या दिवशी उठल्यापासून काय काय झालं. दुसऱ्या भेटीत सगळं आलं. सहाची शिफ्ट, सांभाळायला येणारी शेजारीण आलीच नाही, आणि उशीर झाला म्हणून कामावर आधीच दोनदा ताकीद. (ओळखीच्या खुणा बदलल्यात.)

मूल नेल्यावर पालकाने मागणी केली, तर इथल्या फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम 1028 प्रमाणे कोर्टाच्या कामकाजाच्या तीन दिवसांत सुनावणी घ्यावी लागते. तेवढ्यात शाळेचं पत्र आणायचं, रात्री मुलाजवळ झोपायला येईल अशी मावशी शोधायची, उलटतपासणीची तयारी करायची. विद्यार्थ्यांना वाटतं, बाई आदर्श माता आहे हे सिद्ध करायचंय. ते करायचंच नसतं. मुलाच्या जिवाला किंवा तब्येतीला नजीकचा धोका आहे का, एवढाच मुद्दा. आणि राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने 2004 मध्ये निकोल्सन प्रकरणात सांगितलंय की मूल आईपासून तोडल्याने होणारी इजाही तराजूत टाका. मुलाला त्याचा स्वतःचा वकील असतो, तेव्हा त्याची बाजू वाऱ्यावर सोडलेली नसते.

घाई का, तर 1997 चा अमेरिकेचा केंद्रीय कायदा. मूल 22 महिन्यांपैकी 15 महिने घराबाहेर, खात्याच्या ताब्यात राहिलं, की काही अपवाद सोडून खात्याला पालकत्व कायमचं संपवायचा अर्ज करावा लागतो. "पुढची तारीख" हे शब्द आमच्याकडे स्वस्त नाहीत.

त्या बाईंना सुनावणीची वेळ सांगितली तेव्हा त्या जरा गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अकरानंतर नाही का होणार? पुन्हा शिफ्ट चुकली तर कामावरून काढतील." विद्यार्थिनीने ते वहीत सगळ्यात वर लिहिलं, कायद्याच्या मुद्द्यांच्याही वर.